अक्षरांचा बाजार आणि शनवार तेल्यांचे महिने

पेडणे-डिचोलीकडच्या जुन्या मराठी घरांत सध्या एक नवेच 'शास्त्र' शिरू पाहत आहे. हिब्रू भाषेच्या बावीस अक्षरांत सृष्टीचे बीज साठवलेले आहे, वर्षाच्या प्रत्येक महिन्यावर त्यांतील एका अक्षराची सत्ता चालते, म्हणून आपल्या जन्ममहिन्याचे अक्षर ओळखावे आणि ते ताईतात घालावे, दुकानाच्या पाटीवर कोरावे, असा हा उपदेश आहे. फोनवरून तो घरोघर पोचतो, इंग्रजी पुस्तकांच्या उसन्या भाषांतरांतून तो छापला जातो, आणि ज्या ओसरीवर एके काळी पोथी लागत असे तेथे आता त्याची चर्चा रंगते. या उद्योगाला आमचा स्पष्ट विरोध आहे. मात्र 'परक्यांचे खूळ' म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीतही आम्हांस बसवू नये. ज्यांची ही विद्या आहे त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. आक्षेप आहे तो तिचा बाजार मांडणाऱ्यांवर.

प्रथम मूळ विद्या काय म्हणते ते पाहू. 'सेफर यत्सिरा' या प्राचीन ग्रंथिकेत बावीस अक्षरांचे तीन गट केले आहेत. आलेफ, मेम आणि शिन या तीन माता. त्यांचा संबंध वायू, जल आणि अग्नी यांच्याशी. दुहेरी उच्चाराची सात अक्षरे ग्रहांशी आणि आठवड्याच्या वारांशी जोडलेली. उरलेली बारा साधी अक्षरे बारा महिने, बारा राशी आणि देहाचे बारा अवयव यांच्याशी. निसान महिन्याला हे, इय्यारला वाव, सिवानला झायिन, अशी ती माळ अदारच्या कोफपर्यंत जाते. परमेश्वराच्या चार अक्षरी नामात एक अक्षर दोनदा येत असल्याने त्या अक्षरांची मांडणी बरोबर बारा प्रकारे करता येते. पुढील काळच्या उपासकांनी प्रत्येक महिन्याला त्यांतील एकेक मांडणी ध्यानासाठी नेमून दिली. ज्यांच्या घरात मातृकान्यासाची परंपरा आहे, षट्चक्रांच्या पन्नास दलांवर पन्नास वर्ण ज्यांनी चिंतिले आहेत, त्यांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या आरंभी ओंकाराच्या मात्रांतून गणेशाची मूर्ती साकारते. पेडण्यातील पालये गावाशी ज्यांच्या घराण्याचे नाते सांगितले जाते त्या सोहिरोबानाथ आंबिये यांच्या एका ग्रंथाचे तर नावच 'पूर्णाक्षरी' आहे.

पण हे सारे ध्यानाचे विषय आहेत, धंद्याचे नव्हेत. बाजारवाल्यांना अडचणीचे ठरेल असे एक सत्य येथे सांगतो. 'सेफर यत्सिरा'च्या निरनिराळ्या पाठांत सात दुहेरी अक्षरे आणि सात ग्रह यांची जोडणी एकसारखी नाही. एका पाठात जे अक्षर शनीचे, ते दुसऱ्यात चंद्राचे. उपासकाचे यात काही बिघडत नाही, कारण तो आपल्या परंपरेचा पाठ धरून चालतो. परंतु ताईत विकणाऱ्याला कोणी विचारले की तुमचा ताईत कोणत्या पाठाचा, तर त्याची काय गत होईल? महिन्यांच्या नावांची गोष्ट याहून गंमतीची आहे. निसान, तम्मूझ, तिश्री ही नावे मुळात बाबिलोनची. ती निर्वासातून परतताना आपल्याबरोबर आली, असे यहुदी धर्मपंडितांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्यापूर्वी महिने बहुधा पहिला, दुसरा असे अनुक्रमानेच ओळखले जात. तम्मूझ हे तर बाबिलोनच्या एका देवाचे नाव. तेव्हा महिन्याच्या नावाची अक्षरे मोजून त्यात आपले भाग्य शोधणारा गृहस्थ नकळत बाबिलोनच्या देवळात उभा असतो! आमच्या चैत्र-वैशाखांची नावे चित्रा आणि विशाखा नक्षत्रांवरून पडली. ती आकाश पाहणाऱ्यांनी दिली. तेथेही बेरीज-वजाबाकीला जागा नाही.

अंकांचेही तसेच. हिब्रूत अक्षर हाच अंक: आलेफ १, योद १०, कोफ १००, शेवटचा ताव ४००. त्यामुळे शब्दाची बेरीज करणे त्या भाषेला स्वाभाविक आहे. 'एहाद' म्हणजे एक. त्याची बेरीज १३. 'अहावा' म्हणजे प्रेम, तिचीही १३. दोन्ही मिळून २६, आणि परमेश्वराच्या चार अक्षरी नामाची बेरीजही २६. ईश्वराचे एकत्व आणि प्रेम यांचा मेळ अशा रीतीने मनात ठसवणारी ही रचना सुंदर आहे, यात शंका नाही. आमच्याही ज्योतिषांनी कटपयादि पद्धतीने अक्षरांत अंक गुंफले. पण रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी नावाची हिब्रू पद्धतीने बेरीज कशी होते, हे आम्हांस आजवर कोणी समजावून दिलेले नाही. गोव्यात तर हा प्रश्न अधिकच बिकट. पोर्तुगीज कारकुनाने आजोबांना 'नायक' लिहिताना शेवटी 'क्यूयूई' लावले, नातवाच्या इंग्रजी शाळेने ते काढून नुसता 'के' ठेवला. भाग्य कारकुनाच्या बेरजेने ठरायचे की शाळेच्या?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हिब्रू महिने ज्यांनी मराठीत जगून दाखवले ते लोक आमच्यापासून दूर नाहीत. वेंगुर्ले-रत्नागिरीवरून किनाऱ्याने वर गेले की कुलाब्याचा प्रदेश लागतो. तेथील बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ बुडाले, लिपी गेली. हे लोक तेलाच्या घाण्यावर राबू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. 'शेमा' ही प्रार्थना तेवढी मुखी राहिली, आणि तिचा शेवटचा शब्द तोच, 'एहाद'. त्या शब्दाची अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती, मग तेराची बेरीज कोठून करणार? तरीही तो त्यांनी पिढ्यानुपिढ्या जपला.

आणि महिने? त्यांचे सण मराठी झाले. तिश्रीच्या प्रारंभीचा नव्याचा सण. आमच्याकडे भाताचे 'नवें' येते तोच हा काळ. त्याच महिन्याच्या दहाव्या दिवशीचा दारफळणीचा सण, म्हणजे दारे लावून दिवसभर उपासात बसण्याचा. मग खिरीचा सण. अदारमधील पुरीमला, होळीच्याच दिवसांत येतो म्हणून, होळीचा सण. निसानमध्ये, खमिराला मनाई असते तेव्हा, आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्यावरून नाव पडलेला अनाशी-धाकाचा सण. आणि यरुशलेमचे मंदिर पडल्याचा शोक करण्याच्या आव महिन्यातील नवव्या दिवशी बिरड्याचा सण, कारण त्या दिवसांत मांस वर्ज्य आणि ताटात वालाचे बिरडे. मंदिर कोणी पाडले, केव्हा पाडले याचा लेखी पुरावा जवळ नसताना वालाच्या बिरड्याने तो शोक जिवंत ठेवला. महिन्याचा गूढार्थ म्हणतात तो आमच्या मते याहून निराळा नाही.

हे गोव्यात आम्हांस विशेष समजायला हवे. १५६० साली येथे इन्क्विझिशन आले. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५६३ साली गोव्यात आपला औषधींवरील ग्रंथ छापतो, १५६८ साली वारतो, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली जातात. गुन्हा हा की तो मनाने यहुदी होता. त्याच्या बहिणीला १५६९ सालीच जाळले होते. अशा माणसांना पकडण्यासाठी कोणती लक्षणे पाहत? शुक्रवारी सायंकाळी धुतलेले कपडे घातले का, शनिवारी काम टाळले का, डुकराचे मांस नाकारले का. १७३६ सालच्या फर्मानात बाटलेल्या हिंदूंसाठी हीच नजर अंगणातील तुळशीवर आणि बिनमिठाच्या भातावर वळली. धर्म स्वयंपाकघरात आणि पंचांगात राहतो, हे त्या क्रूर न्यायालयाला आमच्या आजच्या अक्षरशास्त्र्यांपेक्षा चांगले कळले होते, असे खेदाने म्हणावे लागते. नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेल्या, तोवर त्या न्यायालयाचा जोर ओसरत आला होता. १८१२ साली ते कायमचे बंद झाले. पेडणे-डिचोलीच्या देवघरांतील पोथ्या राहिल्या त्या या उशिरामुळे. जुन्या काबिजादींतील आमच्या रामायण-महाभारतकथांची काही हस्तलिखिते आज पोर्तुगालात ब्रागा येथे आहेत, तीही रोमन लिपीत उतरवलेली.

त्या वाचलेल्या पोथ्यांचे आम्ही काय केले? ज्या घरात गणपतीची आरती आता मुले रोमन लिपीतून वाचतात, त्या घरात हिब्रू अक्षराचा ताईत मागवला जावा, याला काय म्हणावे? स्वतःचे अक्षर सुटले की दुसऱ्याचे अक्षर जादूसारखे दिसू लागते.

बेने इस्रायलांनी काय केले तेही पाहा. लिपी हरवल्याचे उमगताच ते ताईताच्या मागे लागले नाहीत, शिकू लागले. १८३२ साली जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. विल्सन यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. या लोकांनी व्याकरण घेतले आणि बहुतेक सर्व आपल्या धर्मातच राहिले. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात निसानच्या सणाची 'हग्गादा' मराठी अर्थासह छापली गेली. पुण्याच्या प्रतीत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका नऊवारी लुगड्यांत चितारलेल्या आहेत. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी वीसाहून अधिक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. अब्राहामाची कथा या समाजाने हरदासी कीर्तनात उभी केली. पुढे बहुसंख्य इस्रायलला गेले. तेथे धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली, तिचा निकाल लागायला १९६४ साल उजाडले. तिकडे गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. मराठी ही त्यांची पवित्र भाषा कधीच नव्हती. ती घरची होती, तेवढ्यावरच त्यांनी ती राखली. गोव्यात मराठीच्या स्थानावरून १९८७ सालच्या राजभाषा कायद्यापासून आम्ही कडाकडा भांडत आलो आहोत, आणि भांडणे योग्यच आहे. पण मुलांना देवनागरी पोथी वाचायला बसवण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

कोणी म्हणेल, अक्षरांच्या निमित्ताने तरी लोक यहुदी परंपरेकडे वळतात, तर बिघडले कोठे? वळत नाहीत, हीच तर तक्रार आहे. जन्ममहिन्याचे अक्षर विचारणाऱ्या एकाही गृहस्थाने आम्हांस हिब्रू वर्षात अधिक महिना असतो का, हे विचारलेले नाही. असतो, आणि आपल्यासारखाच, एकोणीस वर्षांत सात. फरक इतकाच की आपला अधिक मास ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही तेथे येतो, त्यांचा नेहमी अदारच्याच जागी. २०२३ साली आमच्याकडे अधिक श्रावण झाला आणि २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्याकडे दोन अदारांपैकी पहिला. आता त्या जादा अदारात जन्मलेल्याने कोणते अक्षर गळ्यात बांधावे, हे ताईतवाल्यांनीच सांगावे.

आमची मागणी साधी आहे. आपल्या तालुक्यांतील वाचनालयांनी आणि देवस्थानांच्या सभागृहांनी या अक्षरविक्रीला जागा देऊ नये, आणि त्याच जागी बेने इस्रायलांच्या मराठी कीर्तनांवर, राजपूरकरांच्या भाषांतरांवर व्याख्याने ठेवावीत. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून संपवला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला आणि इंग्रजीत. दारफळणी आणि बिरड्याच्या सणाची हकिकत वाचायला मराठी माणसाला आज त्या इंग्रजी पुस्तकाकडे जावे लागते. आपल्या संस्थेच्या कपाटात ते नाही. येत्या वार्षिक सभेपूर्वी ते मागवावे, आणि वर्गणीदारांपैकी ज्यांच्या घरी पेटाऱ्यात मोडी किंवा देवनागरी पोथ्या पडून आहेत त्यांनी त्यांची यादी चिटणिसांकडे द्यावी.