केसांची गोळी, थायरॉइडचा घोळ

लाँग वीकएंडला शिरोड्याला मावशीकडे गेले होते. समुद्र, सुरूचं बन, बांगड्याचं तिखलं... प्लॅन एकदम परफेक्ट! आणि नेमका तिथेच मोबाइलवर ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट टपकला. टीएसएच खूप कमी, फ्री टी-फोर जास्त. म्हणजे थायरॉइड ओव्हरटाइम करतोय! झालं, मूड खल्लास.

मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू तर जाडी झालंस गो! आजार खंयचो?"

पॉइंट होता. थायरॉइड वाढला की वजन उतरतं, छाती धडधडते. माझं तसलं काहीच नव्हतं. गावातल्या डॉक्टरकाकांनी एकच प्रश्न विचारला, "गोळ्या कसल्या घेतेस?"

"काहीच नाही. केसांसाठी बायोटिन, १० मिलिग्रॅम. पण ते तर व्हिटॅमिन!"

काका हसले. बायोटिन बंद करायला लावून आठवड्याने टेस्ट परत केली. सगळं नॉर्मल! नाहीतर नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या.

भानगड अशी, की शरीराला दिवसाला जेमतेम ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. आपण घेतो त्याच्या तीनशेपट. अनेक लॅबच्या हार्मोन टेस्टमध्ये बायोटिनचाच 'गोंद' म्हणून वापर होतो. रक्तात ते जादा असलं की मशीन फसतं. टीएसएच खोटं कमी दिसतं, टी-फोर खोटं जास्त. हार्ट अॅटॅक ओळखणारी ट्रोपोनिन टेस्टही अशीच फसू शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, तो अशाच चुकीच्या रिपोर्टनंतर दगावलेल्या एका पेशंटचा उल्लेख करून.

बायोटिन एकटंच नाही बरं का! अॅसिडिटीच्या कित्येक गोळ्यांत डॉम्पेरिडोन असतं, त्याने प्रोलॅक्टिन खरोखरच वाढतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी टोटल टी-फोर वाढलेलं दिसतं, फ्री टी-फोर सहसा ठीक असतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सकाळी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

तेव्हा पुढच्या वेळी सुई टोचण्याआधी गोळ्यांची अख्खी यादी सांगा, 'नुसतं व्हिटॅमिन'सुद्धा. बायोटिन निदान दोन दिवस आधी थांबवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. मात्र डॉक्टरांनी दिलेलं औषध मनाने बंद करू नका.

आणि केसांचं काय? मावशीने खोबरेल तेलाची बाटली दिलीय. तिचा रिपोर्ट अजून यायचाय!