त्रिपुरीची हूण राणी

जबलपूरहून भेडाघाटला जाताना वाटेत तेवर लागतं. धुवांधार धबधबा पाहायच्या घाईत तिथं फारसं कुणी थांबत नाही. पण कलचुरी घराण्याची राजधानी त्रिपुरी ती हीच. ११व्या शतकात इथं राज्य करणाऱ्या कर्णाची राणी आवल्लदेवी हूण कुळातली होती. त्यांचा मुलगा यशःकर्ण याच्या ताम्रपटांतच तसं कोरलेलं आहे.

शाळेत आपण शिकलो ते एवढंच: हूण आले, त्यांनी लुटालूट केली, यशोधर्म्याने हूण राजा मिहिरकुलाला नमवलं, धडा संपला. मग पाचशे वर्षांनी ते कलचुरींचे सोयरे कसे झाले? कारण त्यातले बरेचजण इथंच राहिले होते. सागर जिल्ह्यात एरणला वराहाच्या भव्य मूर्तीवर हूण राजा तोरमाणाच्या पहिल्या राज्यवर्षाचा लेख आहे. हे काम करवून घेणारा धन्यविष्णू तिथलाच. ४८४ साली तो आणि त्याचा भाऊ मातृविष्णू गुप्तांच्या सत्तेखाली होते; नंतर त्यानं हूण राजाला आपला मानलं. पुढं बंगालच्या पाल राजांच्या दानपत्रांत गौड, मालव, खस, कर्णाट, लाट यांच्या रांगेत हूण सेवकही येतात. ते बहुधा पगारी शिपाई असावेत.

रोमन साम्राज्यातही हेच घडलं. ज्या हूणांच्या नावानं रोमची झोप उडायची, त्यांच्यातलेच सरदार रोमच्या फौजेत होते. ५३० साली दारा इथं झालेल्या लढाईत इराणी सेनानी बारेस्मानास याला मारलं ते रोमन सेनापती बेलिसारियसच्या हूण सरदारानं, सुनिकासनं.

आता पुन्हा कलचुरींकडे. भेडाघाटचा ११५५चा शिलालेख आल्हणदेवी राणीचा. त्यात कर्णाची थोरवी गाताना पांड्य, मुरल, वंग अशा भेदरलेल्या शत्रूंमध्ये हूणही बसवला आहे. आल्हणदेवी कोण? आवल्लदेवीची नातसून! ज्यांचं रक्त या घराण्यात आलं होतं, तेच प्रशस्तीत शत्रू म्हणून उभे आहेत. प्रशस्ती दरबारासाठी लिहिली जाते. निव्वळ तिच्यावर विसंबून आपला कोण आणि परका कोण हे ठरवलं, तर आपण साफ चुकू.

हे सगळे कलचुरी लेख आपल्या वा. वि. मिराशींनी संपादून १९५५ साली प्रसिद्ध केले. ग्रंथ समोर असताना हूण हे आजही फक्त आक्रमक म्हणून शिकवले जावेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आक्रमण खरंच होतं, ते लपवायचं कारण नाही. पण त्याच धड्यात आवल्लदेवीही यायला हवी. निदान जबलपूरच्या मुलांना तरी ती ठाऊक असलीच पाहिजे.