वाट पाहण्यालाही मर्यादा हवी



आपल्या कोल्हापुरातल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत नोकरी करतात. फोनवर आपला ठरलेला प्रश्न असतो, "ग्रीन कार्ड कुठवर आलं?" आधी साधा हिशेब मांडू या.

नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. १९९० च्या कायद्याने एका देशाला त्यातला ७ टक्के वाटा, म्हणजे सुमारे ९,८००. बायको-मुलंही त्यातच मोजतात. इतर देशांची शिल्लक कधी भारताला मिळते, पण रांग लाखांची आहे. म्हणून व्हिसा बुलेटिनमध्ये तारीख दोन महिने पुढे सरकली की पेढे वाटू नयेत. ती मागेही जाते.

देशव्रत आपण ठरावीक काळासाठी घेतो. तशीच या थांबण्यालाही मुदत हवी. भारतात जन्मलेलं मूल २१ वर्षांचं झालं की सहसा आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. मुलगा-सुनेनं ते वर्ष आधी मांडावं आणि कुठपर्यंत थांबायचं ते ठरवावं. मंजूर अर्जाचे कागद जपावेत. नोकरी बदलली तरी जुनी तारीख बहुधा टिकते. त्या कार्डासाठी घर, शिक्षण, आईवडिलांची भेट अडवून ठेवू नये.

आणि आपण? "कधी?" विचारणं सोडावं. मुदत संपल्यावर कुणी परत आलं, तर मंदिराच्या पायरीवर "तिकडं जमलं नाही का?" असंही विचारू नये. परतणं म्हणजे हरणं नव्हे.