सांडपाण्याची वीज आणि कर्बाचा हिशेब

शहराच्या सांडपाण्यातून वीज मिळावी, ते पाणी स्वच्छ व्हावे आणि त्याच खटाटोपात कर्बवायूही शोषला जावा, असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्यास ती भोंदूगिरी वाटण्याचा संभव आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या आधारे चालणाऱ्या सूक्ष्मजीव इंधनघटाविषयी हे तिन्ही दावे केले जातात आणि त्यांपैकी एकही निराधार नाही. मात्र तिन्ही दाव्यांचे वजन सारखे नाही. सार्वजनिक पैसा खर्ची पडण्यापूर्वी हा फरक ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

मूळ कल्पना जुनीच आहे. सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात तेव्हा विद्युत्प्रवाह मिळू शकतो, हे एम. सी. पॉटर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९११ मध्ये दाखवून दिले. घटाच्या प्राणवायूरहित कप्प्यात जीवाणू सांडपाण्यातील मळ पचवितात. त्या क्रियेत सुटणारे इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या कप्प्याकडे वाहतात. तेथे त्यांना प्राणवायू लागतो, आणि तो पंपाऐवजी शेवाळ पुरविते. पहिल्या कप्प्यातील कर्बवायू या शेवाळास मिळाला, की सूर्यप्रकाशात ते वाढते व प्राणवायू सोडते.

या योजनेचे खरे मर्म प्राणवायूत आहे. मँचेस्टर येथे १९१४ मध्ये आर्डर्न व लॉकेट यांनी मांडलेली सक्रिय गाळ पद्धती आजही जगभर रूढ आहे. अशा केंद्रांत निम्म्याच्या आसपास वीज केवळ पाण्यात हवा मिसळण्यावर खर्च होते. हा भार हलका झाला, तर वीजबिलापायी यंत्रे बंद ठेवण्याचा मोह नगरपालिकांना होणार नाही.

उलट, हाती येणारी वीज अगदीच बेताची आहे. एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास, म्हणजे बॅटरीच्या साध्या सेलच्या एक तृतीयांश. घटाचा आकार वाढविला म्हणून वीज त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय सूर्य मावळला की शेवाळ स्वतःच प्राणवायू वापरू लागते. कर्बाविषयीही संयम हवा. एक किलो कोरडे शेवाळ तयार होताना सुमारे १.८ किलो कर्बवायू शोषला जातो. परंतु ते शेवाळ कुजले किंवा जाळले, की तोच वायू पुन्हा हवेत जातो. वाचलेल्या विजेसाठी जो कोळसा जळला नाही, तो लाभ मात्र खरा मानावा लागेल.

हा विवेक आपल्याकडे अधिक निकडीचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण सुमारे २०,००० दशलक्ष लिटरचेच होत होते. जी केंद्रे बांधून तयार होती, तीही पुरेशी वापरली जात नव्हती. नव्या यंत्राच्या उद्घाटनाने ही उणीव झाकली जाईल, पण भरून निघणार नाही.

म्हणून संशोधनास पैसा अवश्य द्यावा, पण अटीसह. चालू शुद्धीकरण केंद्रालगत एक छोटा घट उभारावा आणि तो पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसह वर्षभर चालवावा. आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याची दिवसाची आणि रात्रीची मोजणी दरमहा जाहीर करावी, आणि काढलेल्या शेवाळाचे पुढे काय झाले, तेही सांगावे. १९५८ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या, आज ‘नीरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेसारखी जाणकार संस्था अशी तपासणी करू शकेल. तोवर आहेत ती केंद्रे पूर्ण क्षमतेने चालविणे, हे नगरपालिकांचे कर्तव्य कोणत्याही प्रयोगाच्या निकालासाठी थांबू शकत नाही. नदीकाठच्या गावांना आज हवे आहे ते स्वच्छ पाणी, आणि ते देण्याची विद्या आपणांस केव्हाच अवगत आहे.