जिद्दीच्या बातमीतून गाळलेला मास्तर

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली: ऊसतोड मजुराच्या मुलीची जिद्दीच्या जोरावर बाजी. मास्तरचा उल्लेख असलाच तर शेवटच्या ओळीत. त्यावरून काही विद्वान सांगतात की, ज्याच्यात धमक असते तो वर येतोच. मास्तरच्या मायेबियेने काही होत नाही. पुराव्याला बाबासाहेबांचे नाव असतेच.

पण हा पुरावा त्यांच्यावरच उलटतो. भीमरावांची धमक वादातीत. तरीही साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकानेच संस्कृत नाकारले म्हणून पर्शियन घ्यावी लागली. त्यांना हात देणारे केळुसकर गुरुजी तर त्यांच्या शाळेतलेही नव्हते, विल्सन हायस्कुलातले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या मुलाची त्यांनी आपणहून विचारपूस केली, पुस्तके पुरवली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे पैशावाचून कॉलेज अडले, तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. मुलगा तोच होता, मास्तर वेगळे होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मायेने उसाचा फड सुटतो का? नाही सुटत. मुकादमाची उचल मास्तर फेडू शकत नाही. पण दिवाळीनंतर बीडमधून टोळ्या निघू लागल्या की चांगला मास्तर वस्तीवर जातो, आजीला म्हणतो, "पोरीला ठेवून घ्या, मी बघतो." हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवतो. पोर गेलीच, तर फडाजवळच्या शाळेला फोन करून तिला वर्गात बसवून घ्यायला लावतो. परतल्यावर बुडालेला अभ्यास करून घेतो. यात हळवेपणा कमी, पायपीट जास्त. (नुसती पटावर हजेरी मांडणारे मास्तरही आहेत, त्यांची वकिली मी करत नाही.)

मात्र ही पायपीट करायला त्याला वेळ हवा. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ सांगते की, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. पण 'माहिती आजच भरा' हे फर्मान या कलमाला जुमानत नाही. शिक्षण विभागाने निदान दिवाळीआधीचा महिना तरी ऊसतोड गावांतल्या शाळांना अशा फर्मानांतून सूट द्यावी.