त्या ७८६च्या आधी काय लिहिलं होतं?

माझ्या चाचांना मोटारसायकलने उडवलं तेव्हा फजरची नमाज नुकतीच संपली होती. मशिदीतून बाहेर पडून ते दुधाची पिशवी आणायला रस्ता ओलांडत होते. गाडीवर तिघे होते, ट्रिपल सीट. चाचा पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि गाडी थांबली नाही. पाहणारेही तिघेच. टपरी उघडणारा चहावाला, पेपर टाकणारा पोरगा आणि चाचांच्या मागोमाग मशिदीतून निघालेले एक बुजुर्ग. पोलीस चौकीत तिघांना एकेक करून विचारलं, गाडीचा नंबर काय होता? तिघांचं उत्तर एकच आलं. ७८६.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "अहो, ७८६ कळलं. पण त्याच्या आधी काय लिहिलं होतं?"

ते कोणालाच सांगता येईना. कारण ते वाचता येण्यासारखं नव्हतंच. हिरव्या रेडियममध्ये ७८६ ठळक, शेजारी चाँद-तारा, आणि बाकीची अक्षरं मुंगीएवढी. ती गाडी आजवर सापडलेली नाही. आपल्या धर्माची खूण तिघांच्याही लक्षात राहिली. गुन्हेगाराची खूण एकाच्याही राहिली नाही. हा लेख त्याबद्दल आहे, आणि तो आधी आपल्या माणसांसाठी आहे.

नुसतं ७८६ सांगून गाडी का सापडत नाही, हे समजून घ्या. एमएच ०१ पासून पन्नासच्या पुढपर्यंत आपल्या राज्यात आरटीओचे क्रमांक आहेत. प्रत्येक कार्यालयाची प्रत्येक मालिका ९९९९ पर्यंत चालते आणि त्या प्रत्येक मालिकेत एक ०७८६ असतो. म्हणजे ७८६ एक नाही, ढिगाने आहेत. शिवाय ती गाडी खऱ्या ०७८६ नंबरची असेलच असंही नाही. ७८६४ मधला चार बारीक करून किंवा ३७८६ मधला तीन कोपऱ्यात दडवून 'आपला' ७८६ तयार केलेल्या गाड्या मी रोज पाहतो. तुम्हीही पाहता.

आता त्या न वाचलेल्या अक्षरांची किंमत रुपयांत सांगतो. गाडीचा नंबर मिळाला तर जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. औषधोपचार, बुडालेली कमाई, आलेलं अपंगत्व या सगळ्याचा हिशोब तिथे मांडता येतो. नंबर मिळाला नाही तर प्रकरण 'हिट अँड रन' ठरतं. मग महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि योजनेत ठरलेली रक्कम घ्यायची. १ एप्रिल २०२२ पासून ती गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये आहे. त्याआधी तर ती साडेबारा हजार आणि पंचवीस हजार होती.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पसंतीच्या नंबरांचे दर वाढवले. ०७८६ हा नंबर चारचाकीसाठी दीड लाखावरून अडीच लाखांवर गेला आणि दुचाकीसाठी २० हजारांवरून ५० हजारांवर. म्हणजे चाचांच्या मोडलेल्या हाडाची जी रक्कम योजनेत आहे, तेवढ्याच रकमेला दुचाकीचा ७८६ मिळतो. आणि चारचाकीचा ७८६ घ्यायचा तर नंबर न सापडलेल्या गाडीखाली मेलेल्या माणसाच्या जिवापेक्षा ५० हजार जास्त मोजावे लागतात. सरकारने हे दोन आकडे शेजारी ठेवून ठरवलेले नाहीत, मान्य. पण ते आपल्या एकाच रस्त्यावर शेजारी येतात.

नियम काही गुंतागुंतीचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले नियम ५० आणि ५१ नंबर प्लेटबद्दल आहेत. अक्षरं इंग्रजी आणि अंक अरबी, असं तिथे म्हटलं आहे. अरबी म्हणजे आपण शाळेत 'इंग्रजी आकडे' म्हणून शिकतो तेच. ते मूळ भारताचे, अरबांकडे गेले, तिथून युरोपात पोहोचले आणि गोऱ्यांनी त्यांना अरबी म्हटलं. मापंही ठरलेली आहेत. मोटारीवर अक्षर आणि अंक ६५ मिलिमीटर उंच. मोटारसायकलच्या मागच्या बाजूला अक्षरं ३५ आणि अंक ४० मिलिमीटर. नक्षी, नाव, चित्र, चिन्ह, काहीही चालत नाही. नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून उच्च सुरक्षा प्लेट कंपनीकडूनच येते. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक असतो आणि ती पुन्हा न निघणाऱ्या लॉकने बसवलेली असते. जुन्या गाड्यांनाही ती बसवायची सक्ती आली, पण २०२५ मध्ये राज्याला मुदतीवर मुदत द्यावी लागली. आणि मोडला नियम तर दंड? २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण कलमाखाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००. रेडियमवाला डिझाइनचे पैसे घेतो, त्यात ही पावती सहज जिरते.

आता ७८६ कडे येऊ. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला अंक आहे. अलिफ १, बे २, मीम ४०, सीन ६०. त्या हिशोबाने बिस्म १०२, अल्लाह ६६, अर्-रहमान ३२९ आणि अर्-रहीम २८९. बेरीज ७८६. 'रहमान' मधला बोलला जाणारा पण न लिहिला जाणारा अलिफ धरला तर हीच बेरीज ७८७ होते. कुरआनमध्ये या आकड्याला स्थान नाही, हदीसमध्ये नाही. आपल्या उपखंडाबाहेरचे बहुतेक मुसलमान तो ओळखतही नाहीत. १९७५ च्या 'दीवार'मधल्या विजयच्या बिल्ल्याने हा आकडा हिंदूंच्याही घरात नेला, हे मात्र खरं.

तरीही आपल्या आजोबा-पणजोबांनी ७८६ लिहिला, त्यामागे एक अदब होती. पत्राच्या, बिलाच्या, हिशोबाच्या कागदावर अल्लाहचं नाव लिहिलं तर तो कागद कधी पायदळी जाईल, कधी कचऱ्यात जाईल. म्हणून नावाऐवजी आकडा. नाव धुळीत जाऊ नये एवढ्यासाठी. आपण काय केलं? तोच आकडा मडगार्डवर, चिखल उडणाऱ्या चाकाच्या वर नेऊन लावला. ज्या बेअदबीपासून वाचायला आकडा शोधला, त्याच बेअदबीच्या जागी तो पैसे देऊन बसवला. आणि त्याच्या आडून म्हाताऱ्या माणसाला उडवून पळून गेलो.

ज्यांना हे बरकतीचं वाटतं त्यांनी कुरआनची सतरावी सूरह, बनी इस्राईल, काढून वाचावी. उधळपट्टी करणाऱ्यांचं नातं तिथे थेट सैतानाशी जोडलं आहे. त्याच सूरहमध्ये थोडं पुढे, जमिनीवर माणसाने कोणत्या तोऱ्यात चालू नये हेही सांगितलं आहे. अडीच लाखांचा नंबर आणि कर्कश सायलेन्सर यांना मी या दोन आयतींच्या बाहेर कुठे ठेवू, ते मला दाखवा.

यावर मला मिळणारी उत्तरं पाठ झाली आहेत. पहिलं उत्तर, "फक्त आपलंच दिसतं का तुम्हाला?" नाही. २१४ वळवून 'राम' लिहिलेला दिसतो, ४१४१ वाकवून 'दादा' केलेला दिसतो, ८०५५ चा 'बॉस' दिसतो. नंबराच्या जागी नेत्याचा फोटो आणि पक्षाचं निशाण दिसतं. लाल दिवा १ मे २०१७ पासून उतरला, तेव्हापासून त्याची हौस नंबर प्लेटवर आणि काचेवरच्या 'पोलीस', 'प्रेस', 'महाराष्ट्र शासन' या पाट्यांवर भागवली जाते, तेही दिसतं. पण दादाच्या गल्लीत जाऊन दादाला सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. माझ्या गल्लीत सांगण्याचा आहे. आणि दुसऱ्याचा गुन्हा हा आपल्या गुन्ह्याचा दाखला होत नाही.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे. "पोलीस फक्त आपल्याच पोरांना अडवतात." चौकात टोपीवाला पोरगा मोपेडवर दिसला की शिट्टी वाजते आणि काळ्या काचांची 'दादा' गाडी सलाम घेऊन जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी ते नाकारणार नाही. कायदा सगळ्यांना सारखा लागू करा, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण ही मागणी करणाऱ्याच्या गाडीचा नंबर तरी वाचता आला पाहिजे की नाही? आणि ज्याच्यामागे वशिला नाही, पैसा नाही, त्याला तर स्वच्छ नंबर जास्त लागतो. गाडी चोरीला गेली, कोणी तुमच्या नंबरची खोटी प्लेट लावून फिरलं, ई-चलान भलत्याच्या नावावर आलं, तर तुमच्याकडे कागद आणि प्लेट याशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

नंबराकडे दुर्लक्ष हा काही गरीब वस्तीचाच रोग नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांना चिरडणारी कोट्यवधींची पोर्शे नंबर प्लेटशिवाय फिरत होती. नोंदणीचं शुल्क भरायचं राहिलं होतं. शुल्क किती? १,७५८ रुपये. एका टोकाला ऐपत नसताना ७८६ साठी कर्ज काढणारा आहे, दुसऱ्या टोकाला ऐपत असून १,७५८ न भरणारा. दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आहे की नंबर हा आपल्या मर्जीचा मामला आहे.

तिसरं उत्तर आखातातून सुट्टीवर आलेल्या भाईंचं असतं. "दुबईत बघा, शेख लोक नंबरासाठी किती ओततात!" ओततात. एप्रिल २०२३ मध्ये, रमजानमध्ये, 'पी ७' ही प्लेट साडेपाच कोटी दिरहमला गेली. तोही देखावाच. पण तो लिलाव भुकेल्यांच्या अन्नासाठीच्या निधीचा होता, आणि विकत घेतलेली प्लेट तिथे नियमाच्या आकारातच लावावी लागते. दुबईची हौस आणायची असेल तर दुबईची शिस्तही बॅगेत भरून आणा.

सरकारलाही एक शब्द. एका हाताने ०७८६ आणि ०००१ विकायचे, ०००१ तर मुंबई-पुण्यात चारचाकीसाठी ६ लाखांना, आणि दुसऱ्या हाताने तोच नंबर मोठा करून मिरवला म्हणून ५०० रुपयांची पावती फाडायची, हा काय न्याय? नंबर ही प्रतिष्ठेची वस्तू आहे हे आधी सरकारनेच दरपत्रक काढून शिकवलं. विकायचाच असेल तर विका, पण त्यातला हिस्सा नंबर न सापडलेल्या गाड्यांखाली मेलेल्या-मोडलेल्यांना द्या.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. आपल्या हातात काय आहे? आमच्या गावात रेडियमची तीन दुकानं आहेत, तिन्ही आपल्याच मुलांची. त्यांनी ठरवलं की टाकीवर, डिकीवर काय हवं ते लिहून देऊ, पण नंबर प्लेटला हात लावणार नाही, तर निम्मं काम आठवड्यात होईल. जुम्याच्या बयानमध्ये इमामसाहेबांनी पाच मिनिटं यावर बोलावं. रस्त्यातला त्रासदायक अडथळा दूर करणं हा ईमानचा भाग आहे, हे तर प्रत्येक मकतबमध्ये शिकवतात. मग न वाचता येणारी प्लेट हा अडथळा नाही का?

नंबर प्लेट गाडीवाल्यासाठी नसतेच. त्याला स्वतःची गाडी ओळखू येते. ती असते मागे राहिलेल्यासाठी. रस्त्यावर पडलेल्या, डोळे मिटण्याआधी काहीतरी वाचू पाहणाऱ्या अनोळखी माणसासाठी. त्याची अमानत आपण आपल्या गाडीवर घेऊन फिरतो. ती पुसायचा, वाकवायचा, झाकायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

चाचा आता खुर्चीवर बसून नमाज पढतात. मागच्या महिन्यात त्यांच्या नातवाने नवी गाडी घेतली आणि सलाम करायला दारात घेऊन आला. नंबरात ७८६ मिळाला नाही म्हणून तो जरा हिरमुसला होता. चाचांनी काठी टेकत गाडीला मागून फेरी मारली, वाकून प्लेट पाहिली आणि एमएचपासून शेवटच्या अंकापर्यंत अख्खा नंबर मोठ्याने वाचला.

"बेटा," ते म्हणाले, "मला चष्म्याशिवाय वाचता आला. हाच चांगला नंबर."