दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास



थंडीच्या दिवसांत पहाटे महाड-पोलादपूर रस्त्यावर हेल्मेट आणि चमकणारे जाकीट घातलेले सायकलस्वार घोळक्याने जाताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. पोलादपूरला चहा घेतात आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे निघून जातात. "यांच्यात पहिला कोण येतो? बक्षीस किती असते?" असे मला महाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेल्या एका स्नेह्यांनी विचारले. कारण घरचेच होते. त्यांच्या मुलीने, जी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अशाच एका दोनशे किलोमीटरच्या फेरीत भाग घ्यायचा हट्ट धरला होता. आईचा साफ नकार. वडील मधल्या मध्ये.

पहिली गोष्ट अशी की ही शर्यत नव्हेच. याला 'ब्रेव्हे' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे. पहिला-दुसरा नंबर काढीत नाहीत. वेळेत आलेला प्रत्येकजण सारखाच उत्तीर्ण. गंमत म्हणजे फार लवकर पोहोचलेलेही चालत नाही; दोनशेला कमीत कमी पाच तास त्रेपन्न मिनिटे लागलीच पाहिजेत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी आपल्या हजेरीची नोंद होते. दोन ठिकाणांच्या मधे बाहेरची मदत घ्यायची नाही. पंक्चर झाले तर आपले आपण काढायचे, मागून गाडी घेऊन कोणी यायचे नाही.

या प्रकाराचे मूळ पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या बाराशे किलोमीटरच्या फेरीत आहे. १८९१ साली ती सुरू झाली तेव्हा मात्र शर्यतच होती. शार्ल तेराँ नावाचा गडी सुमारे ७१ तासांत परत आला होता. आता दर चार वर्षांनी ती होते, ९० तासांची मुदत असते, आणि भारतातूनही बरेच जण जातात. २०२३ साली झाली, पुढची २०२७ साली.

आता हिशेब करू. मी पडलो कॉमर्सचा माणूस. दोनशेला साडेतेराने भागा. ताशी पंधरा किलोमीटरही भरत नाहीत, आणि त्यात जेवणखाण, विश्रांती सगळे आले. आपल्याकडचे दूधवाले, पोस्टमन, पाळीला जाणारे कामगार साध्या काळ्या सायकलीवर मागे ओझे बांधून याच गतीने वर्षानुवर्षे गेलेले आहेत. त्यांना कोणी कार्ड दिले नाही एवढेच. तेव्हा 'हे श्रीमंतांचे चोचले आहेत' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लाखाच्या सायकली तिथे दिसतात हे खरे. पण लाखाचीच पाहिजे असा नियम नाही. दहा-पंधरा हजारांची गिअरची सायकल, चांगले हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जाकीट एवढ्यावर भागते. जुनी सायकल घेतली तर आणखी कमी. यापलीकडचे बरेचसे दिखाऊ.

अमेरिका आडवी पार करण्याची 'रॅम' ही शर्यत मात्र वेगळी. सुमारे ४८०० किलोमीटर! नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ती दोघांच्या संघाने पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्याने. तिथे गाड्या, मदतनीस, मोठा खर्च. पोरांनी पेपरात ते वाचून घाबरून जाऊ नये.

मी स्वतः पंचेचाळिशीत पुणे-सातारा रस्त्यावरची दोनशेची फेरी केली. खंबाटकीचा घाट चढताना गुडघे बोलू लागतात. शेवटचे चाळीस किलोमीटर पाय नव्हे, बूड दुखते. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो. पंचविसाव्या किलोमीटरला ओळखही नसलेला एक मुलगा माझ्या शेजारी आला आणि संध्याकाळपर्यंत बरोबर राहिला. त्याने आडनाव विचारले नाही, मीही नाही. बारा तास चाळीस मिनिटे लागली.

आपल्या भागातल्या मुलांना सराव करायला घाट दारातच आहे. पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, आणि मधे चाळीस-एक किलोमीटर. आधी नुसते महाड-पोलादपूर जाऊन या. मग वाडा कुंभरोशीपर्यंत. चढावर सुरुवातीपासूनच हलका गिअर ठेवा, उभे राहून जोर मारू नका. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. तहान लागायच्या आधी पाणी प्या. लिंबू-साखर-मीठ घातलेली बाटली, केळी, शेंगदाण्याची चिक्की, घरची भाकरी पुरते. पावसाळ्यात त्या घाटात दरडी येतात, रस्ताही अधूनमधून बंद होतो. तेव्हा जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिकडे जाण्याचे नाव काढू नका. महामार्गावर दोघांनी शेजारी शेजारी गप्पा मारीत चालवणे बंद. कंटेनरवाल्याला तुमची गप्प कळत नाही.

राहिला वहिनींचा नकार. त्यांची भीती खोटी नाही. मुलगी एकटी, रस्ता लांब, परतायला रात्र. पण त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका हजारोंनी शिकल्या. सुरुवातीला टवाळी झालीच. पण बाजाराला, दवाखान्याला जायला कोणाची वाट पाहणे संपले. दुसरी गोष्ट त्यांच्या यजमानांना जास्त पटली. १९८३ साली कांशीराम साहेब कार्यकर्त्यांना घेऊन चाळीस दिवस सात राज्यांतून सायकलवर फिरले. गाडीभाड्याला पैसे नसलेल्या माणसांची ती लांबची सामुदायिक फेरीच होती.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते पुरुष होते." यावर मुलगीच बोलली, "आई, पुदुक्कोट्टईच्या नव्हत्या ना."

शेवटी अटी ठरल्या. चार रविवार सराव, पंक्चर स्वतः काढून दाखवायचे, आणि कॉलेजातल्या दुसऱ्या एका मुलीसोबतच जायचे. तिसऱ्या रविवारी ती कुंभरोशीहून परत आली. पंक्चर काढायला तिला अठरा मिनिटे लागली, वडिलांनी घड्याळ लावले होते. फॉर्म भरताना अडचणीच्या वेळी कळवायचा नंबर विचारतात. तिने वडिलांचा घातला. ते म्हणाले, "माझा मोबाईल पाळीत गेटवर जमा असतो. आईचा लिही." वहिनींनी आतून नंबर सांगितला, आणि दोनदा नीट वाचून दाखवायला लावला.